‘आपण’ म्हणजे नेमकं कोण? इंदुरी मराठीतल्या या चुका टाळा

‘मी आपल्या भावाला सांगितलं.’ ‘आम्ही आपल्या मुलीचं लग्न ठरवलं.’ ‘तू हो पुढे, मी आपली गाडी घेऊन येतो.’

इंदुरातल्या मराठी घरांत अशी वाक्यं दिवसभर बोलली जातात. बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, घरच्या ऐकणाऱ्यालाही नाही. अडतं ते नाशिकहून आलेल्या आत्याचं, किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या मुलाच्या खोलीतल्या मित्राचं. शब्द सगळे मराठीच, पण हा भाऊ नक्की कुणाचा, हे त्यांना कळत नाही. बोलणारा स्वतःच्या भावाबद्दल बोलत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या दोघांच्या.

आपली मराठी होळकरांच्या काळापासून माळव्यात हिंदीच्या शेजारी नांदते आहे. शब्दांची देवघेव होणारच, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणी भाजीला ‘सब्जी’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला तो हिंदी शब्द आहे हे कळतं आणि अर्थही कळतो. ‘आपण’, ‘आपला’ आणि ‘आम्ही’ यांचं तसं नाही. हे शब्द अस्सल मराठी आहेत, त्यामुळे त्यांच्या आत हिंदी अर्थ येऊन बसला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आणि बोलण्यात कोण आतलं, कोण बाहेरचं, कशावर हक्क कुणाचा, हे मराठीत याच तीन शब्दांवर ठरतं. म्हणून त्यांच्याकडे नीट पाहायला हवं.

‘मी’ असेल तर ‘माझा’

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

हिंदीत वाक्याचा कर्ता आणि वस्तूचा मालक एकच असेल, तर कर्ता कुणीही असो, ‘अपना’ येतो. मैंने अपनी किताब ली, तूने अपनी किताब ली, उसने अपनी किताब ली. मराठीत हा नियम नाही. मराठीत ‘मी माझं पुस्तक घेतलं’, ‘आम्ही आमचं घर रंगवलं’, ‘तू तुझी पिशवी घे’, ‘तुम्ही तुमचा पत्ता लिहा’. कर्ता ‘मी’ असेल तर ‘माझा’, ‘आम्ही’ असेल तर ‘आमचा’, इतकं हे सरळ आहे.

इंदुरात हे बिघडण्याचं एक कारण शाळेत सापडतं. मराठी घरातलं मूल हिंदीच्या वहीत ‘मैं मेरे घर जा रहा हूँ’ असं लिहितं. हे त्याच्या मराठीतून आलेलं असतं, आणि मराठीच्या हिशोबाने ते बरोबरच असतं. हिंदीच्या बाई त्यावर लाल शाईने ‘मैं अपने घर’ असं करून देतात. हिंदीपुरती ती दुरुस्ती योग्य आहे. पण मूल वर्षानुवर्षं तीच दुरुस्ती ऐकतं आणि एक दिवस घरी येऊन म्हणतं, ‘आई, मी आपल्या खोलीत जातो.’ आईलाही शाळेत हेच शिकवलेलं असतं, त्यामुळे तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

रोजच्या बोलण्यात यामुळे फार नुकसान होत नाही. पैसा, घर, नातं यांचा विषय निघाला की होतं. समजा, वडिलांचं घर दोन भावांच्या नावावर आहे. एक भाऊ इंदुरात, दुसरा पुण्यात. इंदूरचा भाऊ फोनवर निरोप पाठवतो, ‘मी आपला हिस्सा विकायचं ठरवलंय.’ त्याला म्हणायचं असतं ‘माझा हिस्सा’. पुण्याच्या भावाला वाचून कळतं की आपल्या दोघांचा मिळून जो हिस्सा आहे तो हा परस्पर विकतोय. खुलासा होईपर्यंत एक संध्याकाळ वाईट जाते, आणि मनं आधीच दुखावलेली असतील तर एका संध्याकाळीत भागत नाही. ‘मी माझा हिस्सा’ असं लिहिलं असतं, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

कर्ता तिसरा कुणी असेल, तर मात्र ‘आपला’ मराठीतही चालतो आणि उपयोगी पडतो. ‘त्याने त्याची गाडी विकली’ यात गाडी विकणाऱ्याची की आणखी कुणाची, हे स्पष्ट नाही. ‘त्याने आपली गाडी विकली’ म्हणजे विकणाऱ्याचीच. समोरच्याचा त्या गाडीशी संबंध असू शकेल अशी शंका असेल, तर सरळ ‘स्वतःची’ म्हणावं. त्यात गोंधळाला जागाच नाही.

थोडे अपवाद आहेत, तेही माहीत असावेत, नाहीतर दुरुस्तीच्या भरात चांगली मराठी कापली जाईल. ‘तू आपलं काम कर’ हे बरोबर आहे. आज्ञेच्या वाक्यात ‘आपलं’ पूर्वीपासून येतं. जुन्या गद्यात ‘मी आपल्या मनाशी म्हटलं’ अशी वाक्यंही सापडतात, पण आजच्या बोलीत ती राहिलेली नाहीत. म्हणींमधला ‘आपला’ वेगळा आहे. ‘आपला हात जगन्नाथ’ किंवा ‘आपली पाठ आपल्याला दिसत नाही’ यांत ‘आपला’ म्हणजे ज्याचा त्याचा, कुणाचाही. ‘मी आपला गप्प बसलो’ यातल्या ‘आपला’चा मालकीशी काही संबंध नाही. ‘दुसरं काय करणार, म्हणून’ अशी छटा तो देतो. हिंदीत ही छटा एका शब्दात आणता येत नाही, आणि इंदुरी मराठीतून ती हळूहळू नाहीशी होते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

समोरचा आत की बाहेर?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझ्या बाजूचे, ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून. ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. प्रमाण हिंदीत दोन्हींसाठी एकच ‘हम’. संस्कृतातही ‘वयम्’मध्ये हा भेद नाही. दक्षिणेत तमिळमध्ये तो आहे (‘नाम्’ आणि ‘नांगळ्’), तेलुगूत आहे (‘मनमु’ आणि ‘मेमु’), आणि शेजारच्या गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ अगदी मराठीसारखेच आहेत. बडोद्याच्या मराठी माणसाला बाजारातली भाषासुद्धा हा भेद रोज ऐकवत असते. आपल्याकडे पुस्तकी हिंदी तो पुसत असते.

शब्दांची कुळी पाहिली की गोंधळ का होतो तेही कळतं. ‘आम्ही’ आणि ‘हम’ दोन्ही प्राकृतातल्या ‘अम्हे’पासून आले. ‘आपण’, ‘आप’ आणि ‘अपना’ हे तिघे संस्कृत ‘आत्मन्’पासून, प्राकृतातल्या ‘अप्प’मधून आले. दोन्ही भाषांत सख्खी भावंडं, पण कामं वेगळी वाटून घेतलेली.

आता नेहमी ऐकू येणाऱ्या चुका. मैत्रिणी गप्पा मारतायत आणि एक म्हणते, ‘चला ना, आज आम्ही सराफ्यात जाऊ या.’ ‘जाऊ या’ म्हणजे सगळ्या मिळून, आणि ‘आम्ही’ म्हणजे तुम्ही सोडून. एकाच वाक्यात आमंत्रण आणि नकार. नातू आजीला विचारतो, ‘आजी, आम्ही कधी जेवणार?’ आजीने सगळ्यांसाठी पानं मांडलेली असतात, आणि नातवाच्या वाक्यात आजी जेवायला नाहीच. त्याला ‘हम कब खाएँगे’ असं विचारायचं होतं. मराठीत ते ‘आपण कधी जेवणार?’

पण सगळ्यांत खोल लागणारी चूक स्वयंपाकघरात होते. नवी सून घरात आली आहे. आमटीला गूळ घालू का, असं ती विचारते. सासूबाई सहज म्हणतात, ‘आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत.’ त्यांच्या मनात ‘हमारे यहाँ नहीं डालते’ असतं. हिंदीत ते वाक्य निरुपद्रवी आहे, ‘हमारे यहाँ’मध्ये सूनही बसू शकते. मराठीत ‘आमच्याकडे’ म्हटलं की सून बाहेर राहिली. ती महाराष्ट्रातल्या घरातून आली असेल, तर तिला हे लगेच टोचतं, आणि काय टोचलं हे ती बोलूनही दाखवू शकत नाही, कारण शब्द तर साधाच होता. ‘आपल्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत’ असं म्हटलं असतं, तर गूळ तितकाच वर्ज्य राहिला असता आणि सून घरातली झाली असती.

हिंदी घरातून आलेल्या सुनेच्या बाबतीत हे उलट्या बाजूने दिसतं. इंदुरात अशी लग्नं आता पुष्कळ होतात. ती मराठी घरातच ऐकून ऐकून शिकते. सासूबाईंच्या तोंडून ‘आमच्याकडे’ ऐकते, तेच उचलते, आणि वर्षभराने सासूबाईंनाच सांगते, ‘आमच्याकडे गौरींना पुरणपोळी असते ना?’ तिला म्हणायचं असतं, आपल्या या घरात. सासूबाईंना क्षणभर वाटतं, ही माहेरचं सांगतेय की काय, पण माहेरी तर गौरी नाहीत. नव्या माणसाला मराठी शिकवायची असेल, तर नमस्काराच्या आणि चहापाण्याच्या वाक्यांआधी ‘आपल्याकडे’ हा शब्द शिकवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या बाजूचा एक उपाय इंदूरच्या रस्त्यावरच आहे. पुस्तकी हिंदीत हा भेद नसला तरी इंदुरी हिंदीत आहे. ‘तू रुक, हम लोग जा के आते हैं’ आणि ‘चल, अपन चलते हैं’ यांतला फरक इथल्या कुठल्याही मुलाला बरोबर कळतो. ‘चल, हम चलते हैं’ असं इथे कुणी मित्राला म्हणत नाही. म्हणून मुलांना व्याकरण सांगण्यापेक्षा इतकंच सांगावं: जिथे तू ‘अपन’ म्हणशील, तिथे मराठीत ‘आपण’. जिथे मित्राला वगळून ‘हम लोग’ म्हणशील, तिथे ‘आम्ही’. मी हे मराठी शिकायला येणाऱ्या मुलांना सांगत असतो आणि ते त्यांना चटकन उमगतं, कारण माहीत असलेली गोष्टच त्यांना नव्या जागी वापरायची असते.

‘आपण’चं एक वापरणं मात्र वरवर चूक वाटेल, पण आहे अस्सल मराठी. आई तापलेल्या बाळाला म्हणते, ‘आता आपण औषध घेऊ या हं.’ औषध बाळच घेणार. नर्स म्हातारबाबांना म्हणते, ‘आजोबा, आपण जरा कुशीवर होऊ या.’ इथे बोलणारी स्वतःला मुद्दाम त्यात धरते, समोरच्याला एकटं वाटू नये म्हणून. हे तसंच राहू द्यावं.

‘तुम्ही’ला कमी लेखू नका

हिंदीत आदराच्या तीन पायऱ्या आहेत: तू, तुम, आप. मराठीत रोजच्या बोलण्यात दोनच, तू आणि तुम्ही. हिंदीत वाढलेल्या कानाला ‘तुम्ही’ म्हणजे ‘तुम’ वाटतं, आणि सासऱ्यांना ‘तुम’ कसं म्हणणार, या संकोचाने माणूस ‘आपण’कडे वळतो. हा संकोच अनाठायी आहे. मराठीत ‘तुम्ही’ पूर्ण आदराचं आहे. सासरे, मुख्याध्यापक, डॉक्टर, पहिल्यांदा भेटलेले वयस्कर गृहस्थ, सगळ्यांना ‘तुम्ही’ शोभतं.

‘आपण’ हे आदरार्थी संबोधन मराठीत आहेच, पण ते पत्राचं, व्यासपीठाचं, अर्जाचं आहे. बैठकीच्या खोलीत ते दोन अडचणी करतं. एक तर उगाच अंतर पडतं. दुसरी अडचण अर्थाची. जावई सासऱ्यांना विचारतो, ‘आपण चहा घेणार?’ सासऱ्यांना ते ‘आपण दोघं घेऊ या का’ असं ऐकू येतं. ते ‘घेऊ की’ म्हणतात, चहा दोन कप येतो आणि चहा न पिणारा जावई अवघडून बसतो. चहाचं निभावून जाईल. पण ‘आपल्याला उद्या बँकेत जायचंय’ हे वाक्य ऐकून एखादा वयस्कर माणूस सोबत येणार म्हणून तुमची वाट पाहत बसला, तर ते वाईट.

‘आपण’ वापरायचंच असेल तर अर्थ क्रियापदावर सोपवावा, कारण मराठीत तो तिथे उघड होतो. ‘आपण निघालो’ म्हणजे सगळे, ‘आपण निघालात’ म्हणजे तुम्ही. ‘आपण बसू या’ आणि ‘आपण बसावं’. ‘आपण फॉर्म भरलात का?’ यातला शेवटचा ‘त’ फार मोलाचा आहे. तो गाळला की वाक्य दोन्हीकडे जातं. काही ठिकाणी मात्र क्रियापदही मदत करत नाही. ‘आपण येणार’ यात पुरुष दिसतच नाही, म्हणून पुढे ‘आहात’ किंवा ‘आहोत’ लावायलाच हवं. ‘आपण तिकडे जात नाही’ हे दोन्ही अर्थांनी सारखंच. आणि ‘आपल्याला’ लावलं की ओळखायची खूण उरतच नाही. अशा सगळ्या ठिकाणी बिनधास्त ‘तुम्ही’, ‘तुम्हाला’ म्हणा.

याच ओघात एक सांगायचं राहू नये. बऱ्याच हिंदी घरांत आईला ‘आप’ म्हणतात म्हणून मराठीत आईला ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणायची गरज नाही. मराठीत आई ‘तू’च असते, बहुतेक घरांत आजीसुद्धा. ‘आई आली’ म्हटलं की आपली आई, ‘आई आल्या’ म्हटलं की बहुतेक घरांत सासूबाई. हिंदीच्या धाकाने स्वतःच्या आईबद्दल ‘आई आल्या’ म्हणणारी मुलं मी ऐकली आहेत. आदर दाखवायचा म्हणून ती आईलाच परकी करतात.

माईक आणि पत्रिका

इंदूरला मराठी मंच नवा नाही. साहित्य संमेलनं इथे १९१७, १९३५ आणि २००१ साली भरली, महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था आजही आहे, नाटकांचे प्रयोग हाउसफुल्ल होतात. अशा गावात निवेदकाने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अचूक वापरायला हवेत. ‘आमच्या मराठीचा आम्हाला अभिमान आहे’ असं मराठी श्रोत्यांसमोर म्हटलं की पाचशे मराठी माणसं त्या अभिमानाच्या बाहेर बसली. तिथे ‘आपल्या मराठीचा आपल्याला’. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांकडे वळून स्वागत करताना मात्र ‘आमच्या इंदुरात तुमचं स्वागत’ हेच बरोबर. एकाच भाषणात माणूस कुणाकडे पाहून बोलतोय त्याप्रमाणे शब्द बदलतो, आणि सराव असला की तो आपोआप बदलतो. आयोजकांच्या वतीने बोलतानाही तसंच: ‘आम्ही हा कार्यक्रम योजला’, पण ‘आता आपण गाणं ऐकू या’.

लग्नपत्रिकेचा जुना मसुदा या बाबतीत फार शहाणा आहे. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे चिरंजीव…’ अशी सुरुवात, आणि शेवटी ‘तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’. बोलावणारे ‘आम्ही’, बोलावलेले ‘आपण’, आणि ‘द्यावेत’ हे क्रियापद कुठलीही शंका ठेवत नाही. हल्ली इंदुरात मजकूर आधी हिंदीत लिहून मग मराठी करून घेतात आणि पत्रिकेवर छापून येतं, ‘आम्ही आपल्या मुलाच्या विवाहप्रसंगी आपल्याला आमंत्रित करतो’. वाचणाऱ्याने ते शब्दशः घेतलं, तर लग्न त्याच्या मुलाचं. पत्रिका छापायला देण्यापूर्वी मजकुरातला प्रत्येक ‘आपल्या’ बोट ठेवून वाचा आणि स्वतःला विचारा, हा कुणाचा? उत्तर ‘आमचा’ असेल तर ‘आमच्या’ लिहा, ‘तुमचा’ असेल तरच राहू द्या.

दोन छोट्या गोष्टी

‘आपण नाही घाबरत कुणाला’ असं ‘मी’च्या अर्थाने ऐटीत बोलणं मित्रांत चालतं. मुलाखतीत, अर्जात किंवा मोठ्यांशी बोलताना ते नको.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे. बोलताना चुकीचा शब्द गेला की आपण लगेच म्हणतो, ‘सोमवारी, मतलब मंगळवारी’. मराठीत यासाठी ‘आपलं’ आहे: ‘सोमवारी… आपलं, मंगळवारी या.’ जुन्या इंदुरी घरांतल्या आज्या हे अजून बोलतात. ‘काही काम होतं का?’ या प्रश्नावर ‘नाही, आपलं सहज आलो’ हे उत्तरही त्याच जातीचं. या ‘आपलं’ची जागा ‘मतलब’ आणि ‘बस ऐसेही’ यांनी घेतली आहे. ती परत मिळवायला शिकवणी लागत नाही, घरात एकाने मुद्दाम बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांच्या तोंडी येतं.

मुलांच्या चुका सुधारतानाही हीच पद्धत उपयोगी पडते. मूल म्हणालं, ‘मी आपला डबा विसरलो,’ तर त्याला अडवून नियम सांगत बसू नका. ‘तुझा डबा विसरलास? बरं, आपण दुपारी जाऊन घेऊन येऊ,’ असं उत्तर द्या. एका उत्तरात ‘तुझा’ही आला आणि ‘आपण’ही, आणि दोन्ही आपापल्या जागी. डबा आणायला मूल सोबत येणार नसेल, तर अर्थातच ‘आम्ही घेऊन येऊ’.